दुखणें एकाचें, सांगणारे चार

एकत्र कुटुंबांत आजारपण आलें कीं तें एकट्या आजाऱ्याचें राहत नाहीं. तें साऱ्या घराचें होतें. हें आपल्या कुटुंबपद्धतीचें मोठें सुख आहे. रात्रीं उशाशीं बसणारें कोणी ना कोणी असतें, औषधांच्या वेळा दोघांतिघांच्या लक्षांत असतात, आणि डॉक्टरांकडे जातांना एक रिक्षा पुरत नाहीं. परंतु ह्याच सुखाच्या पोटांत एक खोड दडलेली आहे. आजार साऱ्या घराचा झाला कीं बोलूं लागतें तें घर, आणि ज्याचें दुखतें तो मात्र गप्प होतो. ह्या खोडीविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटण्याचें कारण आमच्याच घरांत घडलें.

नारायण पेठेंत, मोदी गणपतीपासून हांकेच्या अंतरावर, आमच्या काकू राहतात. आसपासचे बहुतेक वाडे पडून तेथें लिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या; हा एक अजून तग धरून आहे. खालीं ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि मध्यें अंधारा, उभा लांकडी जिना. आधाराला वरून लोंबणारा दोर. घरांत काका, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें. काकूंचें वय ७१. दोन वर्षें त्यांचा उजवा पाय दुखत होता, आणि त्याचें निदान घरांत एकमतानें होऊन गेलें होतें : गुडघा. उठतांना त्या गुडघ्यावर हात ठेवीत, यापेक्षां अधिक पुरावा कोणाला हवा होता? मग गुडघ्याला तेल, गुडघ्याला शेक, गुडघ्याला पट्टा, असा क्रम सुरू झाला. गुडघ्याचा क्ष-किरण फोटोहि काढला. त्यांत वयाला शोभेल एवढीच झीज दिसली. दुखणें मात्र वाढतच गेलें.

दीड वर्षापूर्वीं त्यांना एका मोठ्या दवाखान्यांत नेलें, तेव्हां आम्हीहि बरोबर होतों. डॉक्टरांनीं काकूंकडे पाहून विचारलें, "आजी, किती चालतां येतें?" थोरला मुलगा म्हणाला, "पत्र्या मारुतीपर्यंत जाते." सून म्हणाली, "नाहीं हो, आतां मोदी गणपतीपर्यंतच." काका म्हणाले, "अहो, तीन वर्षांमागें पर्वती चढत होती ही." डॉक्टरांनीं या तिन्ही उत्तरांच्या मधलें एक उत्तर कागदावर लिहिलें. काकू हातांतल्या पिशवीच्या बंदाशीं चाळा करीत बसल्या होत्या. त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत, आणि त्या बोलल्या नाहींत हें आमच्यापैकीं कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

पुढें व्यायाम शिकविणाऱ्या एक तरुण बाई आल्या. त्यांनीं आम्हां सर्वांना नम्रपणें बाहेर बसावयास सांगितलें आणि दार लोटून घेतलें. दहा मिनिटांनीं त्या बाहेर आल्या त्या डॉक्टरांना घेऊनच परत आंत गेल्या. दुखणें गुडघ्यांत सुरू होतच नव्हतें. तें जांघेंत सुरू होऊन मांडीच्या पुढच्या बाजूनें गुडघ्यापर्यंत उतरत होतें. खुब्याच्या सांध्याचें दुखणें पुष्कळदां असेंच खालीं जाणवतें, आणि कित्येकांना तर केवळ गुडघ्यांतच जाणवतें. त्याच दिवशीं खुब्याचा फोटो निघाला. वाटी आणि गोळा यांच्यामधला मऊ थर झिजून हाडावर हाड घांसत होतें. सांधा बदलावा असा सल्ला मिळाला.

घरीं परत आल्यावर आम्हीं काकूंना विचारलें, "दोन वर्षें हें बोललां कां नाहींत?" त्या म्हणाल्या, "अरे, मुलांच्या देखत जांघ कुठं म्हणूं? आणि मला विचारलं कुणी? तुम्ही सगळे गुडघा गुडघा म्हणत होतां, मीहि म्हटलं असेल गुडघा."

या उत्तरानें आम्ही खजील झालों. ज्या घरांत काकूंच्या चहांत साखर किती हें धाकट्या नातवालाहि ठाऊक आहे, त्या घरांत त्यांचें दुखणें नेमकें कोठें आहे हें दोन वर्षें कोणाला ठाऊक नव्हतें.

पुढें आम्हीं या विषयाचें थोडें वाचन केलें, तेव्हां असें आढळलें कीं, खुबा बदलण्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा उगमच मुळीं एका घरगुती तक्रारींत आहे. इंग्लंडांत जॉन चार्नली नांवाचे नामांकित शल्यचिकित्सक होऊन गेले. १९५० नंतरच्या दशकांत त्यांच्याकडे एक रुग्ण आला. पॅरिसच्या जुडे बंधूंच्या पद्धतीचा प्लॅस्टिकचा गोळा त्याच्या खुब्यांत बसविलेला होता. जेवतांना तो टेबलावर पुढें वांकला कीं खुबा करकरत असे, आणि त्या आवाजाला त्याची पत्नी इतकी कंटाळली होती कीं ती त्याच्याजवळ बसेना. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरानें हंसून ही गोष्ट सोडून दिली असती. चार्नली यांनीं ती मनावर घेतली, घर्षणाचा अभ्यास आरंभिला, आणि लहान धातूचा गोळा व प्लॅस्टिकची वाटी अशी जोडणी सिद्ध केली. पहिल्या प्रयत्नांत वाटीसाठीं टेफ्लॉन वापरलें तें थोड्याच वर्षांत झिजून गेलें. मग १९६२ सालीं लँकाशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयांत त्यांनीं पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास आरंभ केला आणि ती टिकली. २००७ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हटलें गेलें. त्याच पत्रांत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें असे शेंकडा ५८ सांधे पंचवीस वर्षें टिकतात. म्हणजे शस्त्रक्रिया उत्तम आहे, याविषयीं वाद नाहीं.

वाद आहे तो 'उत्तम झाली' हें ठरवावयाचें कोणीं, याविषयीं.

पहिलीं पुष्कळ वर्षें हा निर्णय शस्त्रक्रिया करणारेच देत. त्यासाठीं त्यांनीं मापें तयार केलीं. त्यांतील फार प्रचारांत असलेलें एक माप अमेरिकेंतील डॉ. हॅरिस यांनीं १९६९ सालीं केलें. तें शंभर गुणांचें आहे : वेदनेला ४४, चालणें-फिरणें व रोजचे व्यवहार यांना ४७, सांध्याच्या हालचालीला ५ आणि व्यंग नसण्याला ४. व्यवहारांच्या गुणांतच साध्या खुर्चीवर तासभर बसतां येण्याला ५ गुण आहेत आणि बूट-मोजे घालण्याला ४. मांडी घालून बसण्याला अर्थातच एकहि नाहीं. हे गुण डॉक्टर मांडतात. रुग्ण उत्तरें देतो, पेन डॉक्टरांच्या हातीं असतें.

पुढें लोकांना शंका येऊं लागली कीं पेन रुग्णाच्या हातीं दिलें तर गुण तेवढेच पडतील काय? १९९६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत खुबा बदललेल्या रुग्णांचा निर्णय आणि त्यांच्या डॉक्टरांचा निर्णय हे स्वतंत्रपणें घेऊन ताडून पाहिले. ज्या रुग्णांना दुखत नव्हतें त्यांच्या बाबतींत दोघांचें एकमत होतें. परंतु रुग्ण जितका असमाधानी तितकी दोघांच्या मतांतील तफावत अधिक. म्हणजे ज्याचें ऐकून घेण्याची गरज सर्वांत अधिक, त्याचेंच सर्वांत कमी ऐकूं जात होतें.

तेव्हांपासून रुग्णानें स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्यांचें महत्त्व वाढलें. कॅनडांत १९८८ सालीं 'वोमॅक' नांवाची २४ प्रश्नांची प्रश्नावली खुबा व गुडघा यांच्यासाठीं तयार झाली होती. ऑक्सफर्ड येथें १९९६ सालीं खास खुब्यासाठीं अवघ्या १२ प्रश्नांची प्रश्नावली झाली. तींतील प्रश्न रुग्णांशींच बोलून ठरविले होते. प्रत्येक उत्तराला शून्यापासून चारपर्यंत गुण, एकूण ४८. इंग्लंडांत एप्रिल १९०९ नव्हे, २००९ पासून, म्हणजे अगदीं अलीकडे, सरकारी खर्चानें खुबा बदलणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वीं आणि सहा महिन्यांनंतर ही प्रश्नावली देण्याची पद्धत पडली. कोणत्या रुग्णालयांत रुग्णांना किती सुख मिळालें हें त्यामुळें ताडून पाहतां येऊं लागलें.

ही सुधारणा मोठी खरी. परंतु ऑक्सफर्डच्या त्या बारा प्रश्नांवरून नजर फिरवितांना आम्हांला काकू दिसूं लागल्या. मोटारींत चढतां-उतरतां येतें काय? मोजे घालतां येतात काय? जेवणानंतर खुर्चीवरून उठतांना दुखतें काय? काकूंनीं जन्मांत मोजे घातले नाहींत, आणि खुर्चीवर बसून जेवणें ही त्यांच्या मतें आजाराची खूण आहे. प्रश्न वाईट नाहींत. ते दुसऱ्या घरांतून आलेले आहेत, इतकेंच.

ही अडचण पुण्यांतच फार पूर्वीं ओळखली गेली होती, हें वाचकांस सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यांतील संधिवात केंद्रानें त्या कॅनडाच्या 'वोमॅक' प्रश्नावलीला आपल्याकडील उठण्या-बसण्याच्या रीतींना धरून भारतीय रूप दिलें. तें 'पुणें आवृत्ति' या नांवानें संशोधनांत वापरलें जातें. याच केंद्रानें १९९६ सालीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांना दुखण्याविषयीं विचारलें, तेव्हां शेंकडा सुमारें १८ लोकांनीं हाडें, सांधे वा स्नायू दुखत असल्याचें सांगितलें. दवाखान्याच्या दारांत येऊन पोंचतात ते रुग्ण मोजणें निराळें, आणि घरोघर जाऊन ज्याचें त्याला विचारणें निराळें.

तरीहि कोणत्याहि छापील प्रश्नावलींत एक उणीव राहतेच. प्रश्न सर्वांना सारखे असतात आणि प्रत्येक प्रश्नाचें वजनहि आधींच ठरलेलें असतें. म्हणून कांहीं संशोधकांनीं आणखी एक पाऊल टाकलें. कॅनडांतच १९८७ सालीं संधिवाताच्या रुग्णांसाठीं अशी पद्धत निघाली कीं रुग्णानेंच आपल्या अडचणी सांगावयाच्या आणि त्यांतील कोणती आधीं सुटावी हा क्रमहि त्यानेंच लावावयाचा. इंग्लंडांत १९९६ सालीं याच धर्तीवर एक अगदीं सुटसुटीत कागद निघाला : रुग्णानें आपलीं एक-दोन लक्षणें आणि अडलेलें एक काम स्वतःच्या शब्दांत लिहावें आणि प्रत्येकाला शून्य ते सहा यांपैकीं एक आंकडा द्यावा. पुढच्या भेटींत त्याच शब्दांना पुन्हां आंकडे द्यावे. या मापानें एका रुग्णालयाची दुसऱ्याशीं तुलना करतां येत नाहीं, कारण प्रत्येकाचा कागद वेगळा. परंतु एका माणसाला जें हवें होतें तें मिळालें कीं नाहीं, हें याच्याइतकें नेमकें दुसरें माप सांगत नाहीं.

हें वाचल्यावर शस्त्रक्रियेच्या पंधरा दिवस आधीं एका दुपारीं आम्ही कागद-पेन्सिल घेऊन काकूंजवळ बसलों. पुरुषमंडळी कामावर गेलेलीं होतीं. काकू वाती वळीत होत्या. दहापैकीं गुण द्या म्हणतांच त्या म्हणाल्या, "या वयांत मला परीक्षेला नको बसवूं." तेव्हां सोळा आण्यांचा हिशेब ठरला. पूर्ण गैरसोय म्हणजे सोळा आणे, मुळींच नसली तर शून्य. आणे व्यवहारांतून जाऊन फार वर्षें झालीं, पण काकूंच्या बोलण्यांतून ते अजून गेलेले नाहींत. त्यांनीं जी यादी सांगितली ती त्यांच्याच क्रमानें अशी.

पहिली : रात्रीं उजव्या कुशीवर वळलें कीं कळ येऊन जाग येते, चौदा आणे. दुसरी : संडासाला जातांना कोणाचा तरी हात धरावा लागतो, सोळा आणे. तिसरी : पायाचीं नखें स्वतः कापतां येत नाहींत, त्यासाठीं सुनेला हांक मारावी लागते, सोळा आणे. चौथी : जिना चढवत नाहीं म्हणून ओटीवर झोंपावें लागतें, तेथें रात्रीं अकरापर्यंत दूरदर्शन संच चालूं असतो, आणि वरच्या कपाटांतून एक लुगडें आणावयाचें तरी कोणाला तरी वर धाडावें लागतें, तेरा आणे. पांचवी : सणाच्या पंगतींत सगळे पाटावर आणि आपण एकट्या खुर्चीवर, बारा आणे.

चालण्याचें यादींत नांवच नव्हतें. आम्हीं तसें म्हणतांच त्या म्हणाल्या, "मला आतां कुठं जायचंय? घरांतल्या घरांत कुणाला हांक न मारतां जगतां आलं म्हणजे झालं."

काकूंची परवानगी घेऊन तो कागद आम्हीं शल्यचिकित्सकांना दाखविला. ते चांगले गृहस्थ. त्यांनीं तो दोनदां वाचला आणि प्रत्येक ओळीला उत्तर दिलें. रात्रीची झोंप बहुधा पूर्ण मिळेल. उकिडवें बसावयाच्या संडासाऐवजीं उंच भांडें बसवा आणि भिंतीला धरावयास दांडी लावा, म्हणजे हात धरावा लागणार नाहीं. जिना जमेल, पण दोर काढून कठडा करा, आणि एक नियम लक्षांत ठेवा : चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना शस्त्रक्रियेचा आधीं. नखांचें निश्चित सांगतां येत नाहीं, कारण पहिले कांहीं महिने तितकें वांकणेंच धोक्याचें. आणि पाटाविषयीं त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं नको. खुबा काटकोनापलीकडे वांकला आणि पाय आंत वळला तर नवा सांधा निखळूं शकतो. सांध्याचा प्रकार, गोळ्याचा आकार आणि शस्त्रक्रियेची वाट यांवर हें अवलंबून असतें, आणि कांहीं डॉक्टर कांहीं रुग्णांना पुढें जमिनीवर बसूं देतातहि, "पण तुम्हांला मी तें वचन देणार नाहीं." काकूंनीं दोन दिवस विचार केला. मग त्या मुलांना म्हणाल्या, "करून टाकूं या. पाट सोडला मी. फक्त मला एकटीला खुर्चीवर बसवूं नका."

गेल्या महिन्यांत शस्त्रक्रियेला वर्ष झालें. तोच कागद घेऊन आम्ही पुन्हां बसलों. झोंपेची गैरसोय चौदा आण्यांवरून एका आण्यावर आली होती. संडासाची दोन आणे. जिन्याची चार आणे. काकू पुन्हां वरच्या खोलींत राहूं लागल्या आहेत. पंगतीचा हिशेब त्यांनीं मांडूंच दिला नाहीं, कारण तो त्यांनीं आधींच मिटविला होता. आणि आतां सणावारीं सारेंच घर टेबलाशीं बसतें. नखांची गैरसोय मात्र दहा आणे शिल्लक होती. ती सांगतांना काकू हंसल्या. नखें अजून धाकटी सूनच कापते. परंतु यादी वाचल्यापासून ती दर दुसऱ्या रविवारीं आपणहून नखकापी घेऊन येते. "आतां हांक मारावी लागत नाहीं," काकू म्हणाल्या, "खरं तर सहाच आणे लिही." नखांचें दुखणें नखांचें नव्हतेंच, तें हांक मारण्याचें होतें. तें कोणत्याहि शस्त्रक्रियेनें गेलें नसतें.

याउलट दुसरें उदाहरण याच पेठेंतील आहे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक. त्यांचाहि खुबा बदलला. फोटो उत्तम, काठी सुटली, सकाळीं ओंकारेश्वरापर्यंत चालत जाऊन येतात. डॉक्टरांच्या मापांत त्यांना भरपूर गुण मिळाले असतील. पण कोणी भेटलें कीं ते म्हणतात, "शस्त्रक्रिया फसली." चाळीस वर्षें रोज पहांटे देवघरांत मांडी घालून बसणारा हा माणूस; पाय बरा झाला कीं पुन्हां तेथें जाऊन बसावयाचें, एवढ्या एकाच आशेनें ते तयार झाले होते. ती आशा त्यांना कोणीं विचारली नाहीं आणि त्यांनींहि सांगितली नाहीं. घरीं आल्यावर कळलें कीं जमिनीवर बसावयाचें नाहीं. आतां ते देवघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसतात. शस्त्रक्रिया तीच, यश तेंच. एकीकडे समाधान आणि दुसरीकडे फसवणूक झाल्याची भावना, आणि दोहोंमध्यें अंतर केवळ एका प्रश्नाचें.

रुग्णाची तक्रार लिहून ठेवण्याला मनाच्या समाधानापलीकडेहि अर्थ आहे. डीप्यू कंपनीचा 'ए.एस.आर.' नांवाचा धातूवर धातू घांसणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्यें जगभरांतून परत मागविण्यांत आला. तो सुमारें ९३,००० लोकांना बसविला गेला होता. भारतांत सुमारें ४,७०० जणांना. त्यांतून धातूचे कण सुटून आसपासचे स्नायू बिघडत, रक्तांत कोबाल्ट व क्रोमियम वाढे, आणि कित्येकांना पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें मुंबईंत फिर्याद दाखल केली. २०१७ सालीं केंद्र सरकारनें समिति नेमली, आणि २०१८ सालीं नुकसानभरपाईचें सूत्र ठरलें. परंतु शोध घेतां भारतांतील बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना. अशा रुग्णांची पहिली हांक म्हणजे बहुधा दुखणेंच असतें. शस्त्रक्रियेनंतर कमी झालेलें दुखणें पुन्हां वाढूं लागलें आहे, हें ज्याच्या घरीं तारीखवार लिहिलेलें आहे त्याला "वयोमानानें होतें असें" म्हणून वाटेला लावणें सोपें नाहीं.

म्हणून आमच्या वाचकांना आमची सूचना अशी कीं, घरांतील वडील माणसाची अशी शस्त्रक्रिया ठरली तर एक साधा कागद करावा. कागद शस्त्रक्रियेपूर्वींच झाला पाहिजे, कारण बरें वाटूं लागल्यावर पूर्वींचें दुखणें किती होतें हें मनुष्याला नीट आठवत नाहीं. विचारणारें माणूस एकच असावें, आणि सासूबाईंना सुनेनें विचारावें कीं नातीनें, हें सासूबाईंच्या संकोचाकडे पाहून ठरवावें. "कांहीं नाहीं ग, ठीक आहे" हें पहिलें उत्तर ठरलेलेंच असतें. त्यानंतर थोडें थांबावें. चार-पांच गोष्टी पुरेत. शब्द त्यांचेच ठेवावे, ते सुधारूं नयेत. क्रमहि त्यांचाच. आंकडा दहांत द्यावा, सोळांत द्यावा, जसा त्यांना रुचेल तसा. मात्र दरवेळीं मोजपट्टी तीच असावी. कागद डॉक्टरांना दाखवून प्रत्येक ओळीविषयीं "हें होईल कीं नाहीं?" असें स्पष्ट विचारावें. सहा महिन्यांनीं, वर्षानें, आणि पुढें दरवर्षीं तोच कागद काढावा. बसविलेल्या सांध्याचें नांव व क्रमांक असलेली चिठ्ठी त्याच कागदाला जोडून ठेवावी. पडून हाड मोडलें आणि घाईनें शस्त्रक्रिया करावी लागली तर आधीं यादी करावयास सवड नसते; तेव्हां बरें वाटूं लागतांच, पडण्यापूर्वीं काय काय करीत होतां, हें विचारून लिहावें.

या कागदानें शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं हें ठरत नाहीं. तें डॉक्टरांचें काम आहे. पण ती कशासाठीं करावयाची, हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा पाय आहे त्याचा आहे. आपण त्या माणसावर प्रेम करतों म्हणून तो अधिकार आपल्याकडे येत नाहीं. काकूंच्या घरीं आम्ही सर्वच त्यांच्यावर प्रेम करीत होतों, आणि आम्ही सर्वच दोन वर्षें गुडघ्याला तेल चोळीत होतों.

ज्या वाचकांच्या घरीं असा कागद झाला असेल त्यांनीं, नांवगांव न देतां, त्यांतील पहिली ओळ आम्हांस अवश्य कळवावी. वडील माणसांना खरोखर काय हवें असतें याची ती एक चांगली यादी होईल.